ठाण्याच्या हवेत मॉडेल गाड्यांचे रंग : टामिया टीएस स्प्रे आणि त्याचे पर्याय

प्लॅस्टिकच्या मॉडेल गाडीसाठी रंग घेताना बहुतेक जण आधी छटा पाहतात, मग कंपनी पाहतात आणि डब्याच्या पाठीवर छापलेला रंगाचा प्रकार सर्वांत शेवटी पाहतात, किंवा पाहतच नाहीत. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा, आणि ठाणे-नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरांत राहणाऱ्याने त्यात दिनदर्शिकेचीही भर घालायला हवी. या परीक्षणाचा मुख्य विषय टामिया या जपानी कंपनीचे टीएस मालिकेतील स्प्रे कॅन हा आहे. परंतु शेजारी इतर रंग उभे केल्याशिवाय त्यांचे गुणदोष कळत नाहीत, म्हणून पर्यायांबद्दलही लिहिले आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका सदनिकेच्या बाल्कनीत, एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या अवजारासाठी) वेगळी खोली किंवा धूर बाहेर टाकणारी यंत्रणा नसताना, १/२४ प्रमाणातील (खऱ्या गाडीपेक्षा चोवीस पटींनी लहान) गाड्या रंगवणाऱ्याच्या दृष्टीने हे सारे पारखलेले आहे.

गाडीच्या किटची, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल बनवायच्या संचाची, बॉडी जवळजवळ नेहमी पॉलिस्टायरीनची असते. हे प्लॅस्टिक साच्यातील बारीक तपशील उत्तम पकडते आणि घासायला सोपे असते, पण अ‍ॅसिटोन आणि टोल्यूईन यांसारख्या द्रावकांत ते विरघळते. किटचे भाग जोडण्याचे सिमेंट याच गुणावर चालते आणि रंगाचे गणितही याच गुणाभोवती फिरते. रंगातील द्रावकाने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करून त्यात पकड घ्यावी, मात्र दारांच्या कडा आणि बॉनेटवरील उभार खाऊन टाकू नयेत, एवढीच अपेक्षा असते. झटकन उडणारे तीव्र द्रावक असलेल्या लॅकर रंगांची पकड सर्वांत मजबूत असते, सावकाश सुकणाऱ्या एनॅमलची मध्यम, तर पाण्यावर आधारलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगांची सर्वांत कमी असते आणि त्यांना प्राइमरचा (रंगाखाली द्यायच्या अस्तराचा) आधार जवळपास अनिवार्य असतो.

टामियाचे टीएस रंग लॅकर वर्गातले असून १०० मिलीलीटरच्या कॅनमध्ये येतात. पॉलिस्टायरीनवर चालेल इतक्याच तीव्रतेचे द्रावक त्यांत वापरलेले असल्यामुळे ते पकड घेतात, पण नीट हाताने दिल्यास तपशील बुजवत नाहीत. नोझलमधून निघणारा फवारा बारीक आणि एकसारखा असतो, आणि मॉडेलच्या कामात या एका गोष्टीचे मोल छटेपेक्षा जास्त आहे. थोडा हिशेब केला तर हे स्पष्ट होते. खऱ्या गाडीवरील रंगाच्या साऱ्या थरांची मिळून जाडी साधारण ०.१ मिलीमीटर असते. तीच जाडी १/२४ मॉडेलवर आली, तर प्रमाणानुसार ती सुमारे २.४ मिलीमीटर जाड रंगासारखी दिसेल. खऱ्या गाडीच्या दार आणि पत्र्यामधील ३-४ मिलीमीटरची फट मॉडेलवर ०.१५ मिलीमीटरच्या आसपास उतरते. किट बनवणारे ती मुद्दाम थोडी रुंद कोरतात हे खरे, तरीही जाड रंगाचे दोन हात दिले की फट दिसेनाशी होते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसू लागते. टीएसचा सुकलेला थर पातळ बसतो आणि सुकताना आवळतो, त्यामुळे फटी आणि कडा शाबूत राहतात.

दुसरा मुद्दा मेटॅलिक रंगांचा आहे. गाड्यांच्या टचअपसाठी मिळणाऱ्या रंगातील चकाकीचे कण खऱ्या गाडीच्या आकाराला शोभतील असे असतात. मॉडेलवर ते चोवीस पटींनी मोठे भासतात आणि रुपेरी गाडीवर वाळू शिंपडल्यासारखी दिसते. टीएस मालिकेतील टीएस-५० या निळ्या मायका (अभ्रकासारख्या चकाकीच्या) रंगात किंवा टीएस-८३ या रुपेरी रंगात कण पुरेसे बारीक आहेत. खरी गाडी ज्या रंगाची आहे त्याच कंपनीचा त्याच क्रमांकाचा टचअप रंग आणून "अगदी अस्सल छटा" मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. साध्या, बिनचकाकीच्या छटेसाठी तो समजण्यासारखा आहे, मेटॅलिकसाठी मात्र मी तो मोह टाळण्याचाच सल्ला देईन.

टीएसमध्ये शंभराच्या आसपास छटा आहेत आणि टामियाच्या किटमधील सूचनापत्रिका बॉडीचा रंग बहुधा थेट टीएस क्रमांकानेच सांगते, ही नवशिक्यासाठी मोठी सोय आहे. हासेगावा, आओशिमा, फुजिमी यांच्या किटमध्ये मात्र जीएसआय क्रिऑस या दुसऱ्या जपानी कंपनीचे क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे तिथे तुलनातक्ता शोधावा लागतो. तक्त्यातील "जुळणारी" छटा बऱ्याचदा केवळ जवळची असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

रंगाखाली प्राइमर हवाच. टामियाचा फाइन सरफेस प्राइमर किंवा क्रिऑसचा मिस्टर सरफेसर १००० अथवा १५०० हे दोन्ही उत्तम आहेत. सरफेसरवरील आकडा जितका मोठा, तितका त्याचा कण बारीक, म्हणून चकचकीत गाडीसाठी १५०० अधिक योग्य ठरतो. प्राइमरचा रंग वरच्या छटेवरून ठरवावा. लाल आणि पिवळे रंग झाकण्यात कमजोर असतात, त्यांच्याखाली पांढरा किंवा गुलाबी प्राइमर असेल तर ते उजळ दिसतात. करड्या प्राइमरवर टीएस-८ हा इटालियन रेड थेट दिला, तर तो विटकरी छटेकडे झुकतो. लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग देणे हे आणखी अवघड काम आहे, कारण लॅकरमधील द्रावक प्लॅस्टिकमधील लाल रंगद्रव्य वर ओढून आणते आणि पांढऱ्यात हळूहळू गुलाबी झाक उतरते. अशा वेळी मधे रुपेरी रंगाचा एक पातळ हात दिल्यास अडसर तयार होतो.

आता ठाण्याच्या हवेकडे वळू, कारण टीएसबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ कॅनमध्ये नसून हवेत आहे. लॅकरमधील द्रावक फार वेगाने उडून जाते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. हवा दमट असेल तर थंड झालेल्या त्या पृष्ठभागावर बाष्प जमते, ओल्या रंगाच्या थरात अडकते आणि सुकलेला रंग दुधाळ, धुरकट दिसू लागतो. काळ्या आणि गडद निळ्या रंगांवर हे सर्वांत आधी दिसते, पांढऱ्यावर ते जवळपास लपून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता वारंवार ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, तर लॅकर स्प्रेसाठी ७० टक्क्यांच्या खाली आर्द्रता असणे श्रेयस्कर मानले जाते. पाऊस थांबून ऊन पडले म्हणजे हवा कोरडी झाली, असे समजण्याचे कारण नाही. उलट पावसानंतरच्या उन्हात जमिनीवरचे पाणी वर चढते आणि तासाभरासाठी परिस्थिती आणखी बिकट होते. म्हणून आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र बाल्कनीत टांगावे. रंगांच्या एका कॅनइतकाही खर्च त्याला येत नाही आणि अंदाजाचा सारा कारभार संपतो.

मग पावसाळ्याचे चार महिने काय करावे? माझे स्पष्ट मत असे आहे की, या काळात बॉडीला चकचकीत टीएस देऊच नये. चासी, इंजिन, आसने, डॅशबोर्ड ही ब्रशने रंगवायची कामे या दिवसांत काढावीत, बॉडीवर लांबी (खाचखळगे बुजवायची पुट्टी) भरून आणि वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने) घासून ती तयार ठेवावी, आणि दसरा झाल्यानंतर कॅन हातात घ्यावा. घाईच असेल, तर दुपारी आर्द्रता उतरते त्या वेळी पातळ हात द्यावेत, दोन हातांमधील अंतर वाढवावे आणि रंग दिल्यावर बॉडी लगेच एसी चालू असलेल्या खोलीत झाकून ठेवावी. एसीच्या बंद खोलीत फवारणी करण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. तिथे हवा कोरडी असली तरी द्रावकाची वाफ तीच तीच फिरत राहते. दुधाळपणा आलाच, तर कोरड्या दिवशी त्याच रंगाचा किंवा टीएस-१३ या क्लिअरचा हलका ओला हात दिल्याने वरचा थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेले बाष्प निघून जाऊ शकते. हा उपाय बहुधा चालतो, पण त्याच्या भरवशावर पावसात रंग देऊ नये.

उन्हाळ्याची अडचण वेगळी असते. एप्रिल-मेच्या दुपारी फवाऱ्यातील थेंब बॉडीवर पोहोचण्याआधीच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यामुळे सकाळी लवकर काम उरकावे आणि कॅन नेहमीपेक्षा थोडा जवळून चालवावा. थंड देशांतील सल्ल्यानुसार कॅन कोमट पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत इथे बाराही महिने अनावश्यक आहे. घोडबंदर पट्ट्यात मेट्रोच्या आणि इमारतींच्या बांधकामाची धूळ ही आणखी एक डोकेदुखी. ओल्या रंगावर प्लॅस्टिकचा मोठा डबा उपडा घालणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ लॅकरसाठी आदर्श होय.

सुरक्षिततेबाबत टीएस हा सौम्य रंग नाही. वास उग्र असतो, कापडी किंवा एन-९५ मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. फवारा ज्वलनशील असल्यामुळे स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत गॅस पेटलेला नसावा आणि सायंकाळी देवापाशी समई तेवत असताना दार उघडे ठेवून फवारणी करू नये. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांचाही विचार करावा. उडालेला लाल रंग शेजाऱ्यांच्या चादरीवर बसला, तर पुढच्या गाडीसाठी सोसायटीची परवानगी मागण्याची वेळ येईल.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे मोठे स्प्रे कॅन हा अनेकांना दिसणारा पहिला पर्याय असतो, आणि प्रति मिलीलीटर किंमत पाहिली तर टीएस त्यांच्यापुढे कितीतरी पट महाग आहे. तरीही बॉडीसाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. ते लोखंडी जाळ्या, सायकली आणि दुचाकीचे भाग यांच्यासाठी बनवलेले असतात, त्यांचा फवारा रुंद आणि जाड असतो, आणि त्यांतील द्रावक किती तीव्र आहे हे डब्यावरून क्वचितच समजते. काही कॅन पॉलिस्टायरीनवर निमूट बसतात, तर काहींनी पृष्ठभागावर भेगांचे जाळे उमटते. वापरायचेच असतील, तर किटच्या ज्या चौकटीला भाग चिकटलेले असतात त्या स्प्रूच्या उरलेल्या तुकड्यावर आधी फवारून पाहावे. पूर्वी अशा चाचणीसाठी पांढरे प्लॅस्टिकचे चमचे वापरले जात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आल्यानंतर ते दुकानांतून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. भिंती-दारांसाठीचे तैलरंग ब्रशने मॉडेलवर देणे हे तर सरळ नुकसानीचे काम आहे: थर जाड बसतो आणि सुकायला दिवसच्या दिवस लागतात. एनसी थिनर (हार्डवेअरच्या दुकानातला, रंग पातळ करायचा तीव्र द्रावक) पॉलिस्टायरीन विरघळवतो, त्यामुळे तो मॉडेलच्या आसपासही ठेवू नये. एअरब्रश धुण्यापुरता तो उपयोगी आहे.

लहान भागांसाठी टामियाचेच एक्स आणि एक्सएफ अ‍ॅक्रिलिक रंग १० मिलीलीटरच्या बाटल्यांत मिळतात. एक्स म्हणजे चकचकीत आणि एक्सएफ म्हणजे मॅट, असा साधारण भेद आहे. चासीसाठी सूचनापत्रिकेत सतत येणारा एक्स-१८ हा अर्धचकचकीत काळा रंग आणि मागच्या दिव्यांसाठीचा एक्स-२७ हा पारदर्शक लाल रंग एकदा घेतले की अनेक गाड्यांना पुरतात. एअरब्रशमधून हे रंग फार सुंदर बसतात, ब्रशने मात्र ते हट्टी आहेत: पहिला हात पुरता सुकण्याआधी दुसरा दिला, तर ब्रश खालचा रंग उचलून नेतो. ब्रशनेच काम करणाऱ्याने व्हॅलेहो या स्पॅनिश कंपनीचे मॉडेल कलर घ्यावेत. ते पाण्याने पातळ होतात, वास जवळपास नसतो आणि पावसाळ्यातही नीट चालतात. त्यांचा थर मऊ असल्यामुळे तो घासता किंवा पॉलिश करता येत नाही आणि प्राइमर नसेल तर नखाने निघतो, म्हणून बॉडीसाठी ते नकोत. आसने आणि डॅशबोर्ड यांना अगदी योग्य. स्टेशनरीच्या दुकानातील कापडावर किंवा हस्तकलेसाठी वापरायचे अ‍ॅक्रिलिक रंग गाडीच्या आतील गालिचा दाखवायला पुरेसे आहेत, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

एअरब्रश असणाऱ्यांसाठी क्रिऑसचा मिस्टर कलर आणि टामियाचा एलपी हे बाटलीतील लॅकर टीएसपेक्षाही सरस ठरतात. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये सुकण्याचा वेग कमी करणारे द्रव्य असते, त्यामुळे रंग सपाट बसायला वेळ मिळतो आणि दमट हवेतील दुधाळपणाचा धोकाही घटतो. ठाण्यात वर्षभर गाड्या रंगवायच्या असतील, तर एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर खर्च करण्याचे हेच सर्वांत पटणारे कारण आहे.

हंब्रोलचे १४ मिलीलीटरच्या इवल्या डब्यांतील एनॅमल ब्रशने अप्रतिम बसतात, पण सावकाश सुकतात, आणि आपल्या हवेत त्या वेळात धूळ हमखास बसते. त्यांचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवावा: लॅकरवर एनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक चालते, एनॅमलवर लॅकर चालत नाही, कारण लॅकरमधील द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडते. दारांच्या फटींत भरायचा टामियाचा पॅनेल लाइन अ‍ॅक्सेंट रंगही एनॅमलच आहे, त्यामुळे तो टीएसवर सुरक्षित असतो, परंतु न रंगवलेल्या आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकवर साचला तर भाग तडकू शकतो.

चकाकीसाठी टीएस-१३ क्लिअरचे काम चोख आहे, मात्र त्याची एक सवय माहीत असायला हवी. पहिलाच हात ओला आणि जाड दिला तर त्यातील द्रावक डिकल्सना (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रपट्ट्यांना) सुरकुतवते किंवा वितळवते. म्हणून आधी दोन-तीन अगदी कोरडे, हलके हात देऊन मगच ओला हात द्यावा. आठवडाभर सुकू दिल्यानंतर २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलके घासून टामियाची कोर्स, फाइन आणि फिनिश ही कम्पाउंड (पॉलिशचे लेप) क्रमाने वापरली, तर आरशासारखी सफाई मिळते. इथे खर्च वाचवण्याला वाव आहे: गाड्यांच्या दुकानातील बारीक दाण्याचे रबिंग कम्पाउंड फाइनच्या जागी चांगले चालते. कडांवर मात्र थर सर्वांत पातळ असतो, तिथे कापड फिरवताना हात आखडता घ्यावा. गॅरेजमध्ये वापरतात तो दोन घटकांचा टू-के क्लिअर यापेक्षा कणखर असतो. त्याच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे श्वसनाला घातक रसायन असल्यामुळे राहत्या घरात त्याला थारा देऊ नये.

ऑनलाइन मागवताना टीएस आणि पीएस यांची गल्लत सहज होते, कारण डबे सारखेच दिसतात. पीएस हे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असून आतल्या बाजूने द्यायचे असतात. पॉलिस्टायरीनवर ते दिले तर प्लॅस्टिक खातात, आणि उलट टीएस पॉलिकार्बोनेटवर दिले तर पहिल्याच धडकेत पोपडे निघतात. ज्वलनशील स्प्रे कॅन साध्या पार्सलने विमानातून जात नाहीत, रस्त्याने येतात, त्यामुळे मागणी आधीच नोंदवलेली बरी.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने टामियाचे पांढरे प्राइमर, एखादा गडद नसलेला साधा टीएस रंग आणि टीएस-१३ एवढेच घ्यावे. १/२४ बॉडीला एक कॅन पुरून थोडा उरतो. टामियाची १९६६ची फोक्सवॅगन बीटल यासाठी उत्तम गाडी आहे, कारण तिच्या गोलसर बॉडीवर रंग सहसा पळत नाही आणि फिकट छटा तिला शोभतात. उरलेला कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत नोझल मोकळी करावी, आणि तो स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नये. डब्यावर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मे महिन्यात या दोन्ही जागा ती सहज ओलांडतात. कपाटाचा खालचा, सावलीतला कप्पा त्यासाठी पुरेसा आहे.